मोटरहोममधल्या टीव्हीवर फोर-के: दोष नेटचा की माझा?

चाकांवरचा_वाडा | ३ जून, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. इथले बरेच जण अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन हिंडतात हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून हक्काने विचारतोय.

गेल्या ऑक्टोबरात एक वापरलेलं मोटरहोम घेतलं. २०१४ चं, क्लास-ए (बससारखं), ३१ फुटी. बायकोने त्याचं नाव 'वाडा' ठेवलंय, कारण रोज कुठलातरी एक तुकडा निखळून हातात येतो. आतला मूळ टीव्ही मेला होता. तो काढून मी ४३ इंची फोर-के टीव्ही बसवला. स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीवर नेटफ्लिक्स, यूट्यूब चालवणारी कांडी) समोरच्या वरच्या कपाटात आहे, जिथे आधीच्या मालकाचा डीव्हीडी प्लेअर होता. तिथून वायर छतातून टीव्हीकडे येते आणि मागच्या बेडरूममधल्या छोट्या टीव्हीकडेही जाते. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून.

आता रडगाणं. फोर-के म्हणून लावलेली एकही गोष्ट आजवर फोर-केमध्ये दिसलेली नाही. १०८० वर, म्हणजे फोर-केच्या चौथाई ठिपक्यांवर, अडकते. रात्री आठनंतर तर तेही नाही, नुसती चक्री फिरते. सकाळी गुपचूप चालतं. नेटफ्लिक्सचा सगळ्यात महागडा प्लॅन घेतला, टीव्हीला लागणारी एचडीएमआय वायर नवी आणली, सगळं बंद-चालू करून झालं. एक मित्र म्हणतो छतावर अँटेना बसव, दुसरा म्हणतो सॅटेलाइट डिश घे. दोन्ही मिळून हजार डॉलरला फोडणी.

जुलैत आई-बाबा सांगलीहून येताहेत. बॅडलँड्स आणि यलोस्टोन या नॅशनल पार्कांना जायचं ठरलंय. बाबांना क्रिकेट, आईला मालिका. त्याआधी हे मार्गी लावायचंय. कुठून सुरुवात करू?

गप्पीदास | ३ जून, रात्री १०:३१

बंद करून चालू केलंत का?

गप्पीदास | ३ जून, रात्री १०:३२

आत्ता वाचलं की केलंत. मग माझं ज्ञान इथेच संपलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

निवांत_नाना | ३ जून, रात्री १०:५८

दीड लाख डॉलरची गाडी घ्यायची, दोन हजार मैल चालवत न्यायची आणि तिथे जाऊन टीव्ही बघायचा! अहो, बाहेर शेकोटी पेटवा, आकाश बघा. ते फोर-केपेक्षा बरंच जास्त आहे आणि त्याला चक्री नाही.

चाकांवरचा_वाडा | ३ जून, रात्री ११:१०

नाना, दीड लाख नाही हो, त्यात तर दोन-तीन वाडे आले असते. आणि शेकोटीचं म्हणाल तर मागच्या महिन्यात तीन दिवस धो धो पाऊस होता. आठ फूट रुंदीच्या डब्यात मी, बायको, दोन मुलं आणि ओले बूट. पत्त्यांचे सगळे डाव खेळून झाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्हीही टीव्हीच मागितला असतात.

तात्या_टेस्टर | ४ जून, सकाळी ७:०५

वाडासाहेब, एक पैसाही खर्च करू नका. आधी मोजा.

तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत असा माझा वास आहे. 'कधीच फोर-के नाही' हे एक. 'रात्री चक्री' हे दुसरं. दोन्ही एका पोतडीत टाकलीत म्हणून सुटत नाहीयेत. नेट कमी पडत असतं तर सकाळी तरी फोर-के आलं असतं ना?

नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस नेटचा वेग मागतं, १०८० साठी ५ पुरतात. यूट्यूबला फोर-केसाठी साधारण २० धरा. आता दोन चाचण्या करा, सकाळी आणि रात्री, एकाच जागी. एक नेहमीची स्पीड टेस्ट. दुसरी फास्ट डॉट कॉम. ही दुसरी नेटफ्लिक्सची स्वतःची आहे, त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते. मोबाइल कंपनी व्हिडिओवर कात्री चालवत असेल तर पहिला आकडा गुबगुबीत आणि दुसरा रोडावलेला दिसतो. दोन्ही मिळून पडले तर टॉवरवर गर्दी आहे किंवा तुमचा कोटा संपलाय.

तिसरं काम: यूट्यूबवर एखादा फोर-के व्हिडिओ लावून सेटिंग्जमधून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा. त्यात सध्याचं रिझोल्यूशन, कोडेक (व्हिडिओ दाबून पाठवायची पद्धत) आणि बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, किती सेकंदांचा आहे ते दिसतं. फोटो काढून इथे टाका.

आणि चौथं, खरं म्हणजे पहिलं: टीव्ही स्मार्ट आहे ना? मग स्टिक बाजूला ठेवून टीव्हीच्या पोटातल्याच ॲपवर तोच व्हिडिओ लावा.

सांगलीची_सून | ४ जून, सकाळी ८:४०

सासरचं गाव दिसल्यावर राहवलं नाही. आई-बाबांना भडंग आणायला सांगा, टीव्हीचं नंतर बघू.

तात्यांनी कोटा म्हटलं त्यावर माझा अनुभव. आमच्या प्लॅनवर मोठ्या अक्षरांत 'अमर्याद' लिहिलं होतं. खाली मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं कोण वाचतो? फोनवर बघायचं ते अमर्याद, पण हॉटस्पॉटचा कोटा वेगळा. तो संपला की वेग ६०० केबीपीएस. यात फोर-के सोडा, ४८० सुद्धा कण्हत चालतं. वर फोनवर तोच कार्यक्रम झकास दिसायचा, त्यामुळे आम्ही आठवडाभर टीव्हीला शिव्या घातल्या. नवऱ्याने तर टीव्ही परत करायला खोक्यातसुद्धा भरला होता.

हिशेब लक्षात ठेवा: नेटफ्लिक्सवर फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत खातं, १०८० साधारण ३. पन्नास जीबीचा कोटा म्हणजे फोर-केचे सात तास. एक वीकेंड, बस.

मिरची_मेलबर्नची | ४ जून, सकाळी ९:१५ (आमच्याकडे रात्र)

आमच्याकडे याला कॅराव्हॅन म्हणतात आणि ती गाडीच्या मागे ओढत नेतात, पण रड सारखीच.

आमची गंमत सांगते. रोज रात्री जेवताना चित्र थांबायचं. बरोबर जेवायच्या वेळी. आधी वाटलं, पार्कात सगळेच त्या वेळी टीव्ही लावतात. मग एकदा दुपारी मी भाजी गरम करायला ठेवली आणि लेक ओरडली, "आई, थांबलं!" राउटर मायक्रोवेव्हच्या वरच्या खणात होता. दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच लहरीवर, म्हणून भांडण. राउटर पाच गिगाहर्ट्झवर टाकला, भाजी आणि मालिका दोन्ही सुखात.

वाडासाहेब, तुमचा फोन आयफोन असेल तर हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण असतं. ते चालू असलं की हॉटस्पॉट २.४ वरच जातो. आणि फोन ठेवता कुठे? गाडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर आत रेंज कमी होते. खिडकीत ठेवा.

अर्धवट_अभियंता | ४ जून, सकाळी १०:०२

एवढं मोजत बसण्यापेक्षा सरळ स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहावरून नेट देणारी, डिश घ्या. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, जुन्या सॅटेलाइट टीव्हीचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी टांगलेला. लॅटन्सीत, म्हणजे सिग्नल जाऊन यायच्या वेळेत, जमीन-अस्मानाचा फरक. यलोस्टोनमध्ये मोबाइलला रेंज मुळात आहे कुठे? तुमचा हॉटस्पॉट तिथे पेपरवेट होणार.

तात्या_टेस्टर | ४ जून, सकाळी १०:४०

अभियंता, यलोस्टोनचा मुद्दा मान्य. पण सकाळी चांगलं नेट असूनही फोर-के येत नाही, त्यावर डिश काय करणार? दाढ दुखतेय आणि तुम्ही चष्मा बदलून देताय.

अर्धवट_अभियंता | ४ जून, सकाळी १०:४६

चष्मा बदलला की दाढ कुठली ते तरी नीट दिसेल. हलके घ्या.

बॅटरीवाला_भाऊ | ४ जून, दुपारी १:२०

सगळे नेटवर बोलताहेत, विजेवर कोणीच नाही. स्टिकला वीज कुठून दिलीय? टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून असेल तर आधी ते काढा. साध्या यूएसबी २.० खोबणीतून ५०० मिलिअँपिअर मिळतात, बहुतेक फोर-के स्टिकना एक अँपिअर लागतो. एरवी चालते, पण जड व्हिडिओ सुरू झाला की स्टिक धापा टाकते आणि मध्येच आपोआप रीस्टार्ट होते. लोकांना वाटतं नेट गेलं.

डिश घेणारच असाल तर विजेचा हिशेब करा. छोटी डिश २५ ते ४० वॅट, मोठी ७५ ते १००. टीव्ही ८० धरा. इन्व्हर्टरची गळती वेगळी. छोट्या डिशवर चार तास म्हणजे पाचशे वॅट-अवरच्या आसपास. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-अवर. म्हणजे एका संध्याकाळी चाळीस टक्के बॅटरी गट्टम. जुनी लेड-ॲसिड असेल तर ती निम्म्याखाली न्यायची नाही, मग रात्री हीटरच्या पंख्याला काय घालणार? जनरेटर लावीन म्हणाल तर नॅशनल पार्कात रात्री दहानंतर शांततेची वेळ असते. शेजारचा आजोबा टॉर्च घेऊन येईल.

उडता_कोल्हापुरी | ४ जून, दुपारी २:०५

अवांतर: हे वाचून व्हिडिओ कोच आठवली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोल्हापूर-मुंबई खासगी बसवर ठळक अक्षरांत 'व्हिडिओ कोच' लिहिलेलं असायचं आणि तिकीट त्यामुळेच दहा रुपये जास्त. ड्रायव्हरच्या डोक्यावर लाकडी पेटीत टीव्ही, शेजारी व्हीसीआर, दोन्हीला सायकलच्या ट्यूबने बांधलेलं. कात्रजचा घाट लागला की हिरो तिरका व्हायचा. पट्टी आली की क्लीनर उठायचा, कॅसेट काढायचा, तोंडाने फू करायचा, परत घालायचा आणि पेटीला एक थापट द्यायचा. चित्र हजर. त्या थापटेला आजवर पर्याय निघालेला नाही.

निवांत_नाना | ४ जून, दुपारी २:३०

आणि नेमका शेवटची मारामारी सुरू झाली की साताऱ्याला जेवायला थांबायचे. परत आल्यावर कॅसेट उलटी गुंडाळलेली. मी किमान चार चित्रपटांचे शेवट अजून पाहिलेले नाहीत.

चाकांवरचा_वाडा | ७ जून, रात्री ९:५०

शुक्रवारपासून ओहायोतल्याच एका स्टेट पार्कात आलोय, मुद्दाम चाचण्या घ्यायला. बायको म्हणते, लोक इथे मासे पकडायला येतात. हे घ्या आकडे.

शनिवारी सकाळी साडेसहाला: स्पीड टेस्ट ४८, फास्ट डॉट कॉम ४५. आज रात्री नऊला, त्याच जागी: ४.१ आणि ३.६. कोटा अजून निम्मा शिल्लक आहे, ॲपमध्ये बघितलं.

स्टिकवर यूट्यूब, सकाळी: रिझोल्यूशन १०८०, बफर चाळीस सेकंद भरलेला. म्हणजे नेट धो धो येतंय तरी १०८०! फोर-केचा पर्याय यादीतच नाही.

आणि आता बसा. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे टीव्हीच्या पोटातलं ॲप उघडलं. तोच फोन, तोच हॉटस्पॉट, तोच व्हिडिओ. २१६०, म्हणजे फोर-के! कोडेक व्हीपी९. पक्ष्याच्या पिसांमधल्या रेषा दिसल्या. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या ट्रेलरमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

तात्या_टेस्टर | ७ जून, रात्री १०:०४

सापडला! निदान गल्ली तरी सापडली.

टीव्ही निर्दोष. प्लॅन निर्दोष. सकाळचं नेट निर्दोष. गुन्हेगार स्टिक आणि टीव्हीच्या मधल्या रस्त्यावर आहे. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक वाक्य होतं, वायर छतातून टीव्हीकडे येते 'आणि बेडरूममधल्या छोट्या टीव्हीकडेही जाते'. एका वायरीचे दोन टीव्ही होतात म्हणजे मध्ये वाटणी करणारा डबा असणारच. तो कपाटाच्या मागे कुठेतरी दडलाय. २०१४ च्या गाडीतला म्हणजे बहुतेक एचडीएमआय १.४.

त्या डब्याचे दोन त्रास. पहिला एचडीसीपी, म्हणजे चित्राची चोरून कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. फोर-के चित्र पाठवण्याआधी स्टिक पुढच्या प्रत्येक यंत्राला विचारते, तुझ्याकडे एचडीसीपी २.२ आहे का? साखळीत एकानेही नाही म्हटलं की नेटफ्लिक्ससारखी ॲप्स गुपचूप १०८० वर उतरतात. एरर नाही, काही नाही.

दुसरा त्रास म्हणजे पंगत. डबा दोन टीव्हींना एकच चित्र वाढतो, म्हणून दोघांपैकी कमी कुवतीच्या टीव्हीला झेपेल तेच मागवतो. पंगतीत सगळ्यात हळू जेवणाऱ्यासाठी बाकीचे हात वाळवत बसतात ना, तसं. तुमचा ४३ इंची मागच्या छोट्यासाठी हात वाळवतोय.

गप्पीदास | ७ जून, रात्री १०:१२

तात्या, उपमेला सलाम. आमच्याकडे तो हळू जेवणारा मामा होता. मठ्ठा तीनदा घ्यायचा.

चष्मिष्ट | ७ जून, रात्री ११:२५

मजा चाललीय म्हणून गप्प होतो, पण एक खडा टाकतो. ४३ इंची टीव्ही, तुम्ही बसता किती लांब?

निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाएवढा बारकावा कळतो. ४३ इंची पडद्याची रुंदी साडेसदतीस इंच. ती १,९२० ने (१०८० च्या चित्रात आडवे तेवढे ठिपके) भागा, मग अंतराचं गणित करा. साडेपाच फुटांच्या पुढे गेलात की १०८० चेच ठिपके वेगळे दिसत नाहीत. ३२ इंचीला हेच अंतर चार फुटांच्या आसपास येतं. म्हणजे सोफा सहा फुटांवर असेल तर तुम्ही न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी एवढी झटापट करताय.

चाकांवरचा_वाडा | ७ जून, रात्री ११:४०

टेप लावून मोजलं. सहा फूट चार इंच.

चष्मिष्ट, तुम्ही फार वाईट माणूस आहात.

अर्धवट_अभियंता | ८ जून, सकाळी ७:३०

चष्मिष्टशी अर्धाच सहमत. ठिपके दिसत नाहीत हे खरं, पण फोर-केच्या प्रवाहासोबत एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे, रंग येतात आणि बिटरेटही (दर सेकंदाला येणारी माहिती) जास्त असतो. अंधारातल्या प्रसंगात १०८० वर काळ्याचे चट्टे दिसतात ते इथे कमी होतात. तो फरक दहा फुटांवरूनही दिसतो. शिवाय माणूस सोफ्यावरून पुढे सरकून बसतो, गणित कुठे सरकतं?

चष्मिष्ट | ८ जून, सकाळी ८:१०

एचडीआरचं मान्य. पुढे सरकण्याचं नाही. सोफा भिंतीला बोल्टने घट्ट आहे.

चाकांवरचा_वाडा | ८ जून, दुपारी ४:४५

आज कपाट उघडलं. सांगण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

समोरच्या काचेच्या वर जे कपाट आहे, त्याच्या मागच्या बाजूला एक फळी होती. मला आजवर ती भिंत वाटत होती. चार चौकोनी डोक्याचे स्क्रू. त्यांचा पाना माझ्याकडे नव्हता. शेजारच्या कुत्रेवाल्या काकांनी दिला (कालच्या ओरडण्याबद्दल माफी मागून झाली). फळी काढली तर आत वायरींचं मधमाशांचं पोळं. तीन मेलेल्या गांधीलमाश्या, उंदराने कुरतडलेला फोमचा तुकडा, २०१४ मधली दुकानाची पावती आणि दुहेरी चिकटपट्टीवर लोंबकळणारा काळा डबा. वर लिहिलंय: चार इनपुट, दोन आउटपुट, एचडीएमआय १.४. हात लावला तर चहाच्या पेल्याएवढा गरम. दहा वर्षं कधी बंदच झालेला नसणार.

डबा काढला. घरून आणलेल्या सहा फुटी वायरने स्टिक थेट टीव्हीला लावली. स्टिकने स्वतःहून विचारलं, 'हा टीव्ही फोर-के एचडीआर आहे, बदल करू का?' करा बाई, करा.

मग हाव सुटली. म्हटलं स्टिक कपाटातच राहू दे, छतातली जुनी वायर डब्याशिवाय सरळ जोडू. फोर-के आलं, पण चित्रभर मुंग्या! लहानपणी गच्चीवरचा अँटेना हलला की यायच्या तशाच, फक्त रंगीत. दर दोन मिनिटांनी पडदा काळा. वायर मोजली, जवळजवळ २५ फूट आहे आणि छतात स्टेपल मारून पक्की केलेली.

तात्या_टेस्टर | ८ जून, संध्याकाळी ६:२०

मुंग्या येणारच. साठ फ्रेमच्या फोर-के एचडीआरला एचडीएमआय २.० चे १८ जीबीपीएसपर्यंत लागतात, जुनी वायर १०.२ च्या हिशेबाने केलेली. साध्या तांब्याच्या वायरीत पंधरा-वीस फुटांपुढे हा भार टिकवणं कठीण. छत फोडायचं नसेल तर स्टिक टीव्हीच्याच मागे लावा आणि बेडरूमच्या टीव्हीला दुसरी स्वस्त स्टिक घ्या. छतातली वायर मेली समजा. छत फोडायची फार हौस असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय वायर मिळते, पण तिला दिशा असते. उलटी ओढलीत तर परत छत फोडाल.

आणि भाऊंचं ऐका. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका.

बॅटरीवाला_भाऊ | ८ जून, संध्याकाळी ६:३१

कोणीतरी ऐकतंय म्हणायचं.

चाकांवरचा_वाडा | ८ जून, रात्री ८:०५

भाऊ, खरं सांगतो, यूएसबीतूनच होती. आता वेगळा अडॅप्टर लावला. मधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायची, ती आज दिवसभर झाली नाही. म्हणजे दोन नाही, तीन दुखणी निघाली.

राहिली रात्रीची चक्री. आत्ता परत ३.९ आहे. छतावरचा अँटेना बसवू का?

तात्या_टेस्टर | ८ जून, रात्री ८:४०

दोन्ही आकडे बरोबरीने पडतात, कोटा शिल्लक आहे, सकाळी ४८ मिळतात. म्हणजे तुमची रेंज चांगली आहे, टॉवरवर गर्दी आहे. वीकेंडला अख्खं कॅम्पग्राउंड एकाच टॉवरला लटकतं. अँटेना रेंज वाढवतो, गर्दी कमी करत नाही. गर्दीवर उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम, किंवा टॉवर सोडून डिश.

अर्धवट_अभियंता | ८ जून, रात्री ८:४४

मी चार दिवसांपूर्वीच म्हटलं होतं.

सांगलीची_सून | ८ जून, रात्री ९:१०

किंवा फुकटचा उपाय: मालिका सकाळी टॅबवर डाउनलोड करून ठेवा, रात्री बघा. आईंना काल दाखवलेला भाग आज चालतो. सासूबाईंना तर तीन दिवसांचा शिळा भागही चालायचा, फक्त मी पुढचं सांगायचं नाही ही अट.

क्रिकेट थेटच बघावं लागणार, पण वेळा बघा. इंग्लंडमधली कसोटी तिथे सकाळी अकराला सुरू होते, म्हणजे ओहायोत पहाटे सहा, यलोस्टोनला पहाटे चार. भारतातला संध्याकाळी साडेसातचा सामना ओहायोत सकाळी दहाला. बाबांचं सगळं क्रिकेट तुमच्या रिकाम्या टॉवरच्या वेळेतच आहे. जेट लॅगमुळे चारला ते तसेही जागेच असतील.

चाकांवरचा_वाडा | ८ जून, रात्री ९:२२

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सांगलीचं पाणी!

मिरची_मेलबर्नची | ९ जून, सकाळी ६:५०

आमच्याकडे तीच इंग्लंडची कसोटी रात्री आठला. गर्दी, मायक्रोवेव्ह, सगळं एकदम. देव काही जणांनाच देतो.

उडता_कोल्हापुरी | ११ जून, सकाळी ११:००

कोणी व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला जाणार असेल तर सावध. तिथे १९५८ पासून 'नॅशनल रेडिओ क्वाएट झोन' आहे, सुमारे १३,००० चौरस मैलांचा. ग्रीन बँकला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या कानात आवाज जाऊ नये म्हणून. दुर्बिणीच्या जवळ मोबाइलला रेंज नाही, मायक्रोवेव्हसुद्धा लोक जपून वापरतात. आम्ही दोन रात्री राहिलो. मुलांनी पहिल्या दिवशी असहकार पुकारला, दुसऱ्या दिवशी माझ्याकडून मेंढीकोट शिकली. आणि मलाच हरवलं.

निवांत_नाना | ११ जून, सकाळी ११:२०

पत्ता द्या.

चाकांवरचा_वाडा | २४ जुलै, रात्री ८:३०

धागा वर आणतोय, प्रवासाचा अहवाल द्यायला.

इथल्या मंडळातल्या एका मित्राने त्याची छोटी डिश महिनाभर वापरायला दिली. बॅडलँड्सला झाड औषधालाही नाही. डिश टपावर ठेवली, ॲपमध्ये अडथळा शून्य, रात्री नऊला ११० एमबीपीएस. फोर-के पाण्यासारखं. (अभियंता, घ्या, तुमचाही एक गुण.)

यलोस्टोनला फिशिंग ब्रिजला होतो. अस्वलांमुळे तिथे कापडी तंबू चालत नाहीत, भक्कम भिंतीच्याच गाड्या. चहूबाजूंनी लॉजपोल पाइन, सरळसोट, विजेच्या खांबांसारखे. डिशला आकाशाचा तुकडाच मिळेना. दर तीन-चार मिनिटांनी पाच-सहा सेकंद तुटायचं. आणि हे नवीन कळलं: चित्रपटात ते जाणवतच नाही, कारण बफर भरलेला असतो. थेट सामन्यात लगेच जाणवतं. बोलर धावत आला, चक्री, पुढचं चित्र म्हणजे बॅट्समन मान खाली घालून चाललेला. बाबा म्हणाले, "रेडिओच बरा होता. निदान 'आणि हे आउट' एवढं तरी ऐकू यायचं."

गुणवत्ता जबरदस्तीने ७२० वर आणली तर जरा टिकलं. म्हणजे फोर-केसाठी दीड महिना खपून शेवटी ७२०! चष्मिष्ट, हसू नका. बाबांना फरक कळला नाही.

आईच्या मालिका टॅबवर. शेजारच्या गाडीतल्या टेक्ससच्या आजी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. भाषा कळत नव्हती, पण सासू कोण ते त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं.

तात्या, भाऊ, सूनबाई, सगळ्यांचे आभार. काळा डबा जपून ठेवलाय.

चष्मिष्ट | २४ जुलै, रात्री ८:४१

हसत नाहीये. (हसतोय.)

पिंपळपान_२२ | २४ जुलै, रात्री ९:१५

नमस्कार, नवीन सदस्य. सगळा धागा वाचला नाही, पण आमच्या आरव्हीतही असाच काळा डबा आहे. बेडरूमच्या टीव्हीवर आवाज येतो, चित्र नाही. काय असेल?

गप्पीदास | २४ जुलै, रात्री ९:१६

बंद करून चालू केलंत का?

उडता_कोल्हापुरी | २४ जुलै, रात्री ९:१८

थापट मारून बघा.

तात्या_टेस्टर | २४ जुलै, रात्री ९:३०

पिंपळपान, नवा धागा काढा. आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहा: स्टिकला वीज कुठून दिलीय.